सुटींतलीं भुतें

दिवाळीच्या फराळांत तिखटमिठाचा चिवडा नसेल तर लाडवांची गोडी अर्धी होते, हें कोणत्याही गृहिणीस सांगावें लागत नाहीं. परंतु सुटीच्या आनंदांत थोडें भय मिसळलेलें नसेल तर त्या आनंदाचीही गोडी अशीच अर्धी राहते, हें आम्हांस मात्र साठी उलटल्यावर उमगलें. लहानपणच्या सुट्या आठवूं लागलों म्हणजे आम्हीं काय खाल्लें तें आठवत नाहीं. जीं भुतें वाचलीं तीं आठवतात.

'भुतें वाचलीं' हा प्रयोग वैयाकरणांस रुचणार नाहीं. पण तो अक्षरशः खरा आहे. प्रत्यक्ष भूत आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. आम्हांस भेटलीं तीं सारीं रंगीत चौकटींत बसलेलीं, तोंडाजवळच्या फुग्यांतून शुद्ध मराठी बोलणारीं, आणि बहुधा भिवविण्याचा बेत करून शेवटीं हंसवून जाणारीं होतीं.

आमचें घर अंबाजोगाईचें. निजामाच्या अमदानींत ह्या गांवाचें दरबारी नांव मोमिनाबाद होतें, व आमच्या लहानपणींही कांहीं म्हातारीं माणसें तेंच नांव घेत. घर जुन्या वळणाचें: पुढें ढाळज, मग चौक, ओसरी, आंत धान्याचें बळद, आणि डोक्यावर मातीचें माळवद. दिवाळीची सुटी लागली कीं पुण्याचे मामा एस. टी.नें येत. त्यांच्या पिशवींत आईसाठीं पातळ, वडिलांसाठीं एखादा दिवाळी अंक, आणि अगदीं तळाशीं, वर्तमानपत्रांत गुंडाळलेला आमचा खाऊ असे. हा खाऊ म्हणजे मामेभावानें वाचून कडा कुरतडलेले 'इंद्रजाल कॉमिक्स'चे अंक. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनीं मार्च १९६४ मध्यें ही माला सुरू केली व १९९० सालीं ती बंद पडली. ह्या दोहोंच्या मधल्या काळांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस तिचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. 'चांदोबा'स आमच्या घरीं राजमान्यता होती. तें मासिक पुराणांतल्या गोष्टी सांगे, म्हणून वडील त्याची वर्गणी स्वतः भरीत. 'इंद्रजाल' मात्र चोरवाटेनें येई.

वाचनाचा विधि ठरलेला होता. दुपारचें जेवण झालें व वडीलधारीं माणसें आडवीं झालीं, कीं आम्ही चारही भावंडें गोधडी घेऊन माळवदावर जात असूं, आणि पालथीं पडून चौघांत एक अंक वाचीत असूं. थोरली बहीण मोठ्यानें वाची; वेताळाचा आवाज ती घोगरा काढी व दरोडेखोरांचा किनरा. धाकट्यास वाचतां येत नव्हतें, म्हणून पान उलटण्याचा मान त्याचा. चित्र भयंकर असेल तर तो पान अर्धेंच उलटी, व उरलेलें आमच्या आग्रहानें. उन्हांत पडून भूत पाहण्यासारखी मौज नाहीं. ह्या मौजेचें देणें फेडावें लागे तें रात्रीं. परसांत जाण्याची वाट बळदाच्या खोलीवरून होती. दिवसां ती पंधरा पावलांची असे, रात्रीं तिचीं दीडशें पावलें होत. तेव्हां आम्ही जोडीनें जात असूं, आणि जातांना बहिणीनें दुपारीं काढलेला तो किनरा आवाज एकमेकांस काढून दाखवीत असूं. त्या आवाजानें हंसूं फुटे, व हंसूं थांबेपर्यंत वाट संपलेली असे. भय आणि हंसें हीं एका देहांत फार वेळ एकत्र राहूं शकत नाहींत, हा शोध आम्हीं मानसशास्त्राचें एकही पुस्तक न वाचतां लावला होता.

त्या सुट्यांत आमच्या घरीं दोन वेताळ उतरत. पहिला 'चांदोबा'तला. अकराव्या शतकांत सोमदेवानें कथासरित्सागरांत त्याच्या पंचवीस गोष्टी गुंफून ठेवल्या. १९४७ सालीं मद्रासेस तेलुगू व तमिळ भाषांत निघालेलें हें मासिक १९५२ सालीं मराठींत आलें, आणि पुढें वेताळाच्या गोष्टी पंचविसांत न मावतां अंकामागून अंक चालूंच राहिल्या. राजानें उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारें प्रेत व पायांखालचें स्मशान हें शंकर नांवाच्या चित्रकारांनीं काढलेलें चित्र आम्हांस आमच्या घराच्या दारापेक्षां अधिक परिचयाचें होतें. २०२० सालीं शहाण्णव वर्षांचे होऊन ते वारले, ही वार्ता वाचली त्या दिवशीं आप्त गेल्यासारखें वाटलें. ह्या वेताळाचें भय आम्हांस लवकरच वाटेनासें झालें, कारण त्याची रीत अगदीं परीक्षकाची होती. उत्तर ठाऊक असून बोलला नाहींस तर डोकें फुटेल, आणि बोललास तर केलेला सारा प्रवास फुकट! वर्गांत ह्याहून निराळा अनुभव कोणास आला आहे?

दुसरा वेताळ परदेशचा. ली फॉक ह्या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं निर्मिलेल्या 'फँटम'चें मराठींत बारसें झालें तें वेताळ ह्या नांवानें. डोळ्यांवर काळा मुखवटा, बोटांत कवटीची अंगठी, राहणें कवटीच्या आकाराच्या गुहेंत. त्याचा ठोसा बसला कीं दुष्टाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटे, व त्या ठशाकडे पाहून आम्ही गडबडां लोळत असूं. आमच्या गांवाबाहेर शेंदूर फांसलेला एक वेताळाचा धोंडा होता. ह्या वेताळाचा व त्या वेताळाचा संबंध काय, ह्यावर भावंडांत मोठा वाद होई. धाकट्यानें तर धोंड्यावर कोळशानें मुखवटा काढून तो वाद कायमचा मिटविण्याचा बेत केला होता. पण अमावास्येपूर्वीं धीर झाला नाहीं, आणि नंतर सुटी संपली.

आमचे वडील शाळामास्तर होते. त्यांचें मत थोडक्यांत असें, कीं ज्यास चित्रें पाहून वाचण्याची संवय लागली त्यास निव्वळ अक्षरें पुढें आळणी लागतात. आणि ज्यास भुतांस हंसण्याची संवय लागली तो पुढें वडील माणसांसही हंसतो. एका दिवाळींत आमचें बिंग फुटलें. वडिलांनीं सारा गठ्ठा जप्त केला व तो बळदाच्या खोलींत नेऊन ठेवला. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं गांवांतली वीज गेली. आम्ही अंथरुणांत पडलों होतों. इतक्यांत बळदाच्या खोलींतून हंसण्याचा आवाज आला. दाबलेला, घशांत अडकलेला, पुनः पुनः उसळणारा. आजीनें मारुतीचें नांव घेतलें. धाकट्यानें गोधडी डोक्यावरून ओढली. शेवटीं थोरली बहीण कंदील घेऊन पुढें व आम्ही तिच्या पदराआड, अशी मिरवणूक त्या खोलीशीं पोहोंचली. आंत ज्वारीच्या पोत्यावर वडील बसले होते. एका हातांत बॅटरी, दुसऱ्या हातांत वेताळ.

वडिलांनीं आमच्याकडे पाहिलें व अत्यंत गंभीरपणें सांगितलें, "तपासून पाहत होतों."

दुसऱ्या दिवशीं अभ्यंगस्नान झाल्यावर गठ्ठा आमच्या पाटापाशीं मुकाट्यानें येऊन पडला. त्यांनीं खरोखरच तपासला होता. फुग्याफुग्यांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तांबड्या शाईनें दुरुस्त केल्या होत्या.

वडिलांची ती पहिली भीति त्यांच्या एकट्याची नव्हती. १९५४ सालीं अमेरिकेंतल्या चित्रकथांच्या प्रकाशकांनीं लोकक्षोभास भिऊन स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली; अंकाच्या नांवांत 'हॉरर' हा शब्द नको, रक्तपिपासू पिशाच्चें नकोत, चालतीं प्रेतें नकोत, असें तींत होतें. १९५५ सालीं इंग्लंडनें कायदा केला. १९५६ सालीं आपल्या संसदेनेंही मुलांस अपायकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, व गुन्हे, हिंसा आणि क्रौर्य यांच्या जोडीस किळसवाण्या वा भयानक प्रसंगांचाही उल्लेख त्यांत घातला. ह्या चिंतेस आम्ही हंसत नाहीं. रक्ताच्या थारोळ्यांत मूल एकटें सोडणारीं चित्रें त्या काळीं निघत होतीं. पण मौज अशी, कीं त्याच अमेरिकन नियमावलीच्या छत्राखालीं 'कॅस्पर' नांवाचें एक गोंडस, लोकांशीं मैत्री करूं पाहणारें भूत सुखानें नांदत राहिलें. म्हणजे आक्षेप भुतावर नव्हता, भूत मुलाशीं काय करतें ह्यावर होता. आमची कसोटी तर ह्याहून सोपी आहे. भयाचें चित्र पाहून मूल तें दुसऱ्यास दाखविण्यास धांवलें, तर तें चित्र चांगलें. तें उशाखालीं लपवून मूल गप्प बसलें, तर त्या चित्राची नव्हे, आधीं त्या मुलाची चौकशी करावी.

आमच्या सणांस ही कसोटी फार पूर्वींच ठाऊक असावी. गोमंतकांत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीं पोरें गवताकागदाचा प्रचंड नरकासुर उभा करतात. त्याचे डोळे वटारलेले, दांत बाहेर, आणि मुद्रा अशी कीं भ्यावें कीं हंसावें हें कळूं नये. रात्रभर त्यास मिरवून पहांटे जाळतात. होळीची कथा तर ह्याहून बोलकी आहे. भविष्यपुराणाच्या परंपरेंत ढुंढा नांवाची राक्षसी मुलांस छळते. शस्त्रानें ती मरत नाहीं. तिच्यावर उपाय सांगितला तो हा, कीं मुलांनीं एकत्र जमावें, अग्नि पेटवावा, मोठमोठ्यानें हंसावें, ओरडावें, तोंडास येईल तें बोलावें. म्हणजे ती पळते. एकट्या मुलानें हंसावें असें पुराण सांगत नाहीं. मुलांनीं जमावें असें सांगतें.

आणि चित्रांवरील वडिलांच्या आक्षेपास तर उत्तर आमच्याच गांवांत होतें. तें त्या वयांत सुचलें नाहीं इतकेंच. दासोपंतांनीं 'पंचीकरण' हा वेदान्ताचा विषय मांडला तो सुमारें ४० फूट लांबीच्या पासोडीवर, आणि विषय कठीण म्हणून मजकुराच्या जोडीस आकृति काढल्या. सतराव्या शतकाच्या आरंभीं, १६१५ सालीं, दिवंगत झालेल्या ह्या संतकवीस अक्षराशेजारीं चित्र काढण्यांत कमीपणा वाटला नाहीं. भुताखेतांचें म्हणाल, तर जोगाईचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें, मुहूर्त टळला, कोंबडा आरवला व सारें वऱ्हाड जागच्या जागीं दगड झालें, ही गोष्ट हत्तीखान्याच्या लेण्यांत दगडी हत्तींकडे बोट दाखवून आम्हांस वडिलांनींच सांगितली होती; व सांगतांना, "म्हणून कार्याला वेळेवर निघावें," असें म्हणून ते स्वतःच हंसले होते.

हें सर्व आज आठवण्याचें कारण तीन वर्षांपूर्वींची एक दिवाळी. तांबड्या शाईचा तो गठ्ठा आम्हीं जपून ठेवला आहे. आमच्या घरीं धुण्याभांड्यास येणाऱ्या आजी त्या सुटींत आपल्या दहा वर्षांच्या नातवास बरोबर आणूं लागल्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं गुढीपाडव्याच्या आगेंमागें परततात. नवराबायकोच्या जोडीस ह्या धंद्यांत 'एक कोयता' म्हणतात, एकट्या माणसास 'अर्धा कोयता'; माणसांची मोजदाद हत्यारानें होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा. मुलांकरितां शाळांतून हंगामी वसतिगृहें चालतात, कांहीं मुलें आजीपाशीं राहतात, कांहीं आईबापांबरोबर फडावर जातात. आमच्या सुटींत घरीं मामा येत. ह्या मुलाच्या सुटींत घरांतून आईबाप जात. दिवाळी एकच, पण एकास ती येण्याचा सण व दुसऱ्यास जाण्याचा.

मुलगा ओसरीवर बसून नुसता रस्त्याकडे पाही. रस्त्यावरून भांडीं, गोधड्या, शेळ्या व माणसें लादलेले ट्रक व ट्रॅक्टर जात. एके दिवशीं आम्हीं गठ्ठा काढून त्याच्यापुढें ठेवला. आजी दचकल्या.

"सर, भुताचं दिसतंय. रातच्याला भेलं म्हंजे?"

"भ्याला तर उद्यां येऊन आम्हांस सांगेल," आम्हीं म्हटलें.

तो भ्याला नाहीं. कवटीच्या ठशास तो आमच्याच ठिकाणीं हंसला, हें पाहून आम्हांस मोठें समाधान वाटलें. तांबड्या शाईचा इतिहास सांगितला तेव्हां तर तो लोळला. आम्ही त्यास घोगरा आवाज काढून दाखविला, त्यानें आम्हांस किनरा काढून दाखविला. मग वेताळाच्या घराण्याची हकीकत आली. हा वेताळ अमर नाहीं. बाप मेला कीं मुलगा तोच मुखवटा चढवितो, व लोक समजतात कीं वेताळ मरतच नाहीं. अशा वीस पिढ्या होऊन गेल्या, हा एकविसावा. मुलगा त्या पानावर बराच वेळ थांबला.

"म्हंजे ह्याचा बाप गेल्यालं कुणाला कळलंच नाही?"

"नाहीं. मुखवटा तोच ना."

"आमच्यातबी तसंच हाय," तो म्हणाला. "आज्ज्याचा कोयता आता पप्पा नेतेत."

पुढें काय, तें आम्हीं विचारलें नाहीं. त्यानेंही सांगितलें नाहीं. पान उलटलें.

सुटीच्या शेवटच्या आठवड्यांत त्यानें एक वही आणून दिली. चौकटी पट्टीनें आंखलेल्या, चित्रें बॉलपेननें काढलेलीं. दिवाळी झाल्यावर वाडीवरचीं सारीं माणसें उसाला गेलीं. घरांस कुलुपें लागलीं. वाडींतल्या भुतास भिववावयास कोणी उरलें नाहीं. तें एका म्हातारीपुढें जाऊन ओरडलें, म्हातारीस ऐकूं येत नव्हतें, ती म्हणाली, "भाकर खातो का?" भूत कंटाळलें व मुकादमाकडे उचल मागावयास गेलें. मुकादमानें त्यास खालून वर पाहिलें.

"जोडी कुठाय? एकट्याला अर्धा कोयता."

"मी भूत हाय. माझे पाय उलटे हायेत."

"मग बरंच झालं," मुकादम म्हणाला. "पळून जाशील तर माघारी इथंच येशील."

आम्ही इतके हंसलों कीं आजी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. मग शेवटची चौकट पाहिली. भूत उचल न घेतां परत आलें आहे. रात्र आहे. एका खोलींत म्हातारी निजली आहे, तिच्या कुशींत एक मुलगा, आणि मुलाच्या पलीकडे अंगाचें मुटकुळें करून तें भूत. खालीं लिहिलें होतें: 'एकट्याला भेव वाटतं म्हणून भूत आजीपाशी झोपलं.'

संवयीनें आमचा हात खिशांतल्या लेखणीकडे गेला होता. वहींत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. लेखणी खिशांत तशीच राहिली.

भुतांच्या चित्रांनीं मुलें भित्रीं होतील कीं निर्ढावतील, ह्याची काळजी शहाण्या माणसांनीं पुष्कळ केली, आमच्या वडिलांनींही केली. आम्हांस वाटतें, काळजी करावयाचीच तर ती दुसऱ्या गोष्टीची करावी. मुलास जें खरें भय असतें तें त्यानें पुस्तकांतून आणलेलें नसतें; तें त्याच्या घरीं आधींच असतें, व त्यास नांव नसतें. हंसऱ्या भुताचें पुस्तक त्या भयास एक चेहरा देतें, उलटे पाय देतें, आणि तें शेजारच्यास दाखवितां येईल असें करतें. ह्याहून अधिक त्या पुस्तकाच्या हातीं नाहीं. उसाचा ट्रक तें थांबवूं शकत नाहीं, उचल फेडूं शकत नाहीं. परंतु शेजारीं बसून पान उलटण्यास कोणी असेल तर बळदाची वाट तेवढी संपते.

त्या रविवारीं रात्रीं आजींच्या मोबाइलवर फडावरून फोन आला. दिवसभर मोळ्या बांधून आई थकली असावी. बोलणें तुटक होतें. मुलानें आजींच्या हातून फोन घेतला व आमच्या ओसरीवर बसून वही उघडली. चित्रें फोनवरून ऐकवावयाचीं कशीं, हा प्रश्न त्यास पडलाच नाहीं. "हितं भूत हाय, हितं मुकादम हाय," असें सांगत तो पुढें पुढें वाचीत गेला. उलट्या पायांची चौकट आली. पलीकडून आधीं एक हंसें ऐकूं आलें, मग दुसरें, मग कोपींत आणखी कोणी कोणी बसलेले असावेत त्यांचीं. शेवटची चौकट वाचून झाली तेव्हां मात्र तिकडे कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं.

मग आईचा आवाज आला, "परत वाच."